दिल्लीहून अटकेच्या वाटेवर

मराठी माणसाच्या बोलण्यात उत्तर हिंदुस्थानातील दोन गावांची नावे वारंवार येतात, आणि ती दोन्ही गावे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नसतात. एक पानिपत व दुसरे अटक. मोठी हानी झाली की 'पानिपत झाले' असे आपण म्हणतो, आणि कोणी अचाट पराक्रम केला की त्याने 'अटकेपार झेंडा लावला' म्हणतो. एका गावाचे नाव अपयशाला आणि दुसऱ्याचे यशाला बहाल करून आपण मोकळे झालो आहोत. परंतु ही दोन्ही गावे एकाच रस्त्यावर आहेत, आणि त्या दोन प्रसंगांमध्ये अवघ्या पावणेतीन वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. त्या रस्त्याविषयी आज मला आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आम्ही चौघा मित्रांनी हा रस्ता दिल्लीपासून अटारीच्या सरहद्दीपर्यंत मोटारीने पाहिला. आमच्यात एक स्थापत्यविशारद, एक संस्कृतचे प्राध्यापक, एक कापडाचे व्यापारी, ज्यांना आम्ही कौतुकाने शेटजी म्हणतो, आणि मी इतिहासाचा विद्यार्थी. ऐतिहासिक स्थळे पाहावयास निघताना केवळ इतिहासाचे अभ्यासक बरोबर घेऊ नयेत, असे माझे मत या प्रवासात पक्के झाले. अभ्यासक मंडळी आपसांत सनावळ्यांवरून भांडतात. साधा आणि नेमका प्रश्न विचारण्याचे धैर्य मात्र दुसऱ्याच कोणाला तरी होते.

या रस्त्याची पहिली खूण दिल्लीतच भेटते, आणि तीही कोणाच्या स्वप्नात येणार नाही अशा ठिकाणी. पुराण्या किल्ल्याला लागून जे प्राणिसंग्रहालय आहे, त्याच्या आवारात विटांचा एक जाड, वर निमुळता होत गेलेला, चुन्याचा गिलावा केलेला मनोरा उभा आहे. मुले वाघ पाहण्याच्या घाईत त्याच्याजवळून धावत जातात. तो मनोरा म्हणजे कोसमिनार. शेरशहा सूर याने १५४० ते १५४५ या आपल्या पाच वर्षांच्या राजवटीत बंगालमधील सोनारगावापासून सिंधूपर्यंतच्या प्राचीन मार्गाला नवे रूप दिले, दुतर्फा झाडे लावली आणि दर दोन कोसांवर सराई बांधली, असे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. पुढे मोगलांनी हे काम चालविले. आग्र्याहून लाहोरला जाणाऱ्या मार्गावर दर कोसाला एक मिनार व दर तीन कोसांना एक विहीर असावी, अशी आज्ञा जहांगीर बादशहाने १६१९ मध्ये दिली. कोस म्हणजे सुमारे सव्वातीन किलोमीटर. मिनाराची उंची साधारण तीस फूट. म्हणजे सपाट मैदानात एका मिनारापासून निघालेल्या वाटसरूला थोडे चालल्यावर पुढचा मिनार दिसू लागावा. आज देशात असे सुमारे ११० मिनार शिल्लक आहेत, व त्यांपैकी ४९ एकट्या हरियाणात आहेत. काही ऐन शेतात उभे आहेत, काही घरांच्या दाटीत अडकले आहेत. आमच्या स्थापत्यविशारद मित्राने प्रवासभर त्यांची मोजदाद ठेवली, आणि एखादा मिनार चुकला की मोटार माघारी वळविण्याचा आग्रह धरला.

दिल्लीहून पानिपत अवघे नव्वद किलोमीटर. मराठी प्रवासी तेथे पोचतो तो मनात एकच तारीख घेऊन, १४ जानेवारी १७६१. ती घेऊन तो शहरापासून काही अंतरावरील काला आंब या स्मारकापाशी जातो. तेथे एक काळा पडलेला आम्रवृक्ष होता आणि रणात सांडलेल्या रक्ताने तो तसा झाला, अशी आख्यायिका सांगतात. प्रवासी तेथे नतमस्तक होतो, डोळे पुसतो आणि परत फिरतो. हे स्वाभाविक आहे. तथापि पानिपत हे एका लढाईचे गाव नव्हे. २१ एप्रिल १५२६ रोजी बाबराने येथे इब्राहिम लोदीचा पराभव केला. त्या इब्राहिमाची साधी कबर शहरात आहे, आणि विजयानंतर बाबराने बांधविलेली काबुली बागेतील मशीदही आहे. ५ नोव्हेंबर १५५६ रोजी याच मैदानात हेमूच्या डोळ्यात बाण लागला आणि अकबराचे राज्य वाचले. थोडे उत्तरेस कर्नाल. तेथे २४ फेब्रुवारी १७३९ रोजी नादिरशहाने मोगल बादशाही धुळीस मिळविली. आणखी उत्तरेस तरावडी. ११९१ आणि ११९२ साली पृथ्वीराज चौहान व महंमद घोरी यांच्यात जेथे दोन युद्धे झाली ते तराइन म्हणजे हेच गाव, असे मानतात. अवघ्या पन्नास-साठ किलोमीटरांच्या पट्ट्यात हिंदुस्थानच्या नशिबाचे सहा निकाल लागले!

'याच पट्ट्यात का?' हा प्रश्न आमच्या मित्राने विचारला आणि त्याचे उत्तरही त्यानेच दिले. पूर्वेला यमुना, पश्चिमेला हांसी-हिसारचा कोरडा मुलूख व त्यापलीकडे वाळवंट, उत्तरेला पहाड. पंजाबच्या नद्या ओलांडून आलेल्या सैन्याला दिल्लीकडे जाण्यास पाणी, चारा आणि सपाट जमीन या तिन्ही गोष्टी मिळतील अशी वाट एवढीच. आणि दिल्लीचा धनी तर शत्रू चार मुक्कामांवर येईपर्यंत सहसा राजधानी सोडून पुढे जात नसे. तेव्हा गाठ पडावयाची ती येथेच.

मात्र १७६१ ची लढाई या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे, आणि नकाशा पुढे ठेवल्याखेरीज तो जाणवत नाही. उत्तरेकडून आलेला अब्दाली त्या दिवशी दक्षिणेस होता आणि दक्षिणेकडून आलेले मराठे उत्तरेस! भाऊसाहेबांची पाठ पंजाबाकडे आणि तोंड दिल्लीकडे होते. हे कसे घडले? १७६० च्या मार्चमध्ये दक्षिणेतून निघालेल्या फौजेने ऑगस्टच्या आरंभी दिल्ली घेतली. खजिना रिकामा होता; किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून फौजेचा पगार भागवावा लागला. त्यानंतर भाऊसाहेब उत्तरेस सरकले आणि १७ ऑक्टोबरला त्यांनी यमुनाकाठचे कुंजपुरा जिंकले. तेथे अब्दालीसाठी साठविलेले विपुल धान्य हाती आले, दसरा आनंदात झाला. पुढे कुरुक्षेत्राची यात्रा करावी, असा अनेकांचा मनोदय होता; फौजेबरोबर यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांचा मोठा मेळा होता, हे आपण जाणताच. इतक्यात ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतजवळ यमुना उतरून अब्दाली अलीकडे आला. दिल्ली आणि मराठे यांच्यामध्ये, ऐन रस्त्यावर, तो बसला.

येथे आमच्या शेटजींनी एक प्रश्न केला. 'इतके लोक, इतकी जनावरे. रोज धान्य येत होते कोठून?' त्यांच्या धंद्याला साजेसाच हा प्रश्न. पण मला वाटते, पानिपतावर लिहिलेल्या कित्येक ग्रंथांपेक्षा तो अधिक मोलाचा आहे. धान्य दुआबातून यावयाचे. तो मुलूख अब्दालीच्या पाठीशी होता आणि नजीबखान त्याला रसद पुरवीत होता. पतियाळाच्या आलासिंगाने काही काळ मराठ्यांना धान्य पाठविले, पण ती वाटही तुटली. शत्रूची रसद मारण्यासाठी दुआबात शिरलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. अडीच महिने छावणी एका जागी, आणि जवळचे धान्य संपलेले. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, अशा निर्धाराने लोक मैदानात उतरले. विश्वासराव केव्हा पडले, भाऊसाहेबांनी हत्ती का सोडला, होळकर केव्हा निघाले, यांवर आपण दीडशे वर्षे वाद घालीत आलो आहोत. मला मात्र त्या दिवसाचा निकाल दुपारी लागला असे वाटत नाही. यमुनेचा उतार मोकळा राहिला आणि रस्ता शत्रूच्या हाती गेला, तेव्हाच तो बव्हंशी ठरला होता.

शहरे घेणे आणि रस्ता राखणे या भिन्न गोष्टी आहेत. मोगलांची सत्ता कोसमिनारांच्या रांगेत होती, दर मुक्कामाच्या सराईत होती, डाकेच्या घोड्यांत होती. रस्त्यावर जागोजागी बसलेला माणूस बादशहाचा होता. नादिरशहाच्या स्वारीनंतर ती घडी विस्कटली हे खरे. म्हणजे मराठे आले तेव्हा त्यांना तयार रस्ता मिळाला नव्हता. पण त्यांनी तो नव्याने बसविण्याचा प्रयत्नही केला नाही. पंजाबातील मोहिमेत हेच दिसते. १७५८ च्या मार्चमध्ये रघुनाथरावांच्या फौजेने सरहिंद घेतले, एप्रिलमध्ये लाहोर घेतले. तेथून मराठी पथके वायव्येकडे धावली. ती चिनाबपर्यंत गेली यात शंका नाही. अटकेपर्यंत पोचली की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु खुद्द रघुनाथराव मे महिन्यात परत निघाले. पंजाबचा कारभार सालीना पंचाहत्तर लाखांच्या खंडणीवर अदीना बेगाकडे सोपविला, आणि तो अदीना बेग सप्टेंबरमध्ये मरण पावला! पुढच्याच वर्षाच्या अखेरीस अब्दाली खाली उतरताच मराठी ठाण्यांना पंजाब सोडावा लागला. अटकेच्या झेंड्याची ही हकिकत आपल्या वाक्प्रचारात येत नाही.

पानिपत सोडण्यापूर्वी आणखी एक स्थळ पाहावे अशी माझी विनंती आहे. बू अली शाह कलंदर यांचा दर्गा. त्याच्या आवारात गालिबचा शिष्य आणि चरित्रकार, उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली यांची कबर आहे. हाली १८३७ साली याच गावी जन्मले. १९४७ मध्ये त्यांच्या गावचे बहुसंख्य मुसलमान सरहद्दीपलीकडे गेले आणि पलीकडून निर्वासित आले. त्या निर्वासितांपैकी विणकरांनी येथे माग घातले. आज पानिपत गालिचे, चादरी आणि ब्लँकेटे यांसाठी प्रसिद्ध आहे. देशोदेशीचे जुने लोकरी कपडे येथे येतात, फाडले जातात आणि त्यांचे पुन्हा सूत होते. शेटजींनी त्या बाजारात तीन तास घालविले आणि काला आंबला मात्र अर्धा तास दिला. प्राध्यापक त्यांच्यावर रागावले. मी रागावलो नाही. गावाला लढाईखेरीज काही आयुष्य असते, हे कोणी तरी पाहिले पाहिजे.

याच प्रदेशात स्वतःस रोड मराठा म्हणविणारा एक शेतकरी समाज आहे. पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, अशी त्यांची श्रद्धा आहे. पुराव्याच्या दृष्टीने हा प्रश्न वादग्रस्त आहे. पण पराभूतांशी नाते सांगण्यास लोक आपण होऊन पुढे येतात, ही गोष्ट इतिहासात विरळा.

कर्नाल, ठाणेसर, अंबाला ही गावे आम्ही भरभर मागे टाकली. ठाणेसरला शेख चिल्लीचा संगमरवरी घुमटाचा मकबरा सुरेख आहे, एवढे सांगून पुढे जातो. सरहिंदला मात्र थांबलेच पाहिजे. गुरू गोविंदसिंगांच्या कोवळ्या वयाच्या दोन मुलांना येथील सुभेदाराने भिंतीत चिणून मारले; त्या जागी फत्तेगढ साहिबचा गुरुद्वारा आहे. पुढे गुरू दक्षिणेत आले, आणि १७०८ साली गोदावरीच्या तीरी नांदेड येथे त्यांचे देहावसान झाले. तत्पूर्वी नांदेडलाच आश्रम करून राहिलेला एक बैरागी त्यांचा शिष्य झाला. तोच बंदा बहादूर. नांदेडहून निघून तो पंजाबात गेला आणि १७१० साली त्याने सरहिंद जिंकले. रघुनाथराव सरहिंदच्या तटापाशी शिखांसह उभे राहिले त्याच्या ४८ वर्षे आधी गोदाकाठाहून या गावी एक माणूस येऊन गेला होता. त्याच्याबरोबर ना तोफा होत्या, ना खजिना.

सतलजपलीकडे आजचा मोठा रस्ता जालंदरवरून अमृतसरला जातो. जुना बादशाही मार्ग मात्र दक्षिणेकडून, नूरमहल, नकोदर, सुलतानपूर लोधी असा जात असे. ज्यांना सराई पाहावयाच्या असतील त्यांनी हा आडमार्ग धरावा. लुधियानाच्या अलीकडे दोराहा येथील सराई एका हिंदी चित्रपटामुळे तरुणांस ठाऊक झाली आहे. नूरमहलची सराई नूरजहानने १६१८ ते १६२० च्या सुमारास बांधविली. तिच्या तांबड्या दगडाच्या पश्चिम दरवाजावर पशुपक्ष्यांचे आणि मनुष्याकृतींचे असे कोरीवकाम आहे की, आमचा स्थापत्यविशारद तेथून हलेना. नकोदरजवळच्या सराईचे नाव ऐकून आपण मराठी माणसे दचकतो: दखनी सराई! ती शहाजहानच्या काळी अलीमर्दानखानाने बांधविली. कंदाहार मोगलांच्या स्वाधीन करून त्यांच्या चाकरीत शिरलेला हा सरदार कालव्यांसाठीही प्रसिद्ध आहे. यमुनेचे पाणी दिल्लीस नेणाऱ्या कालव्याशी त्याचे नाव जोडलेले आहे. या सराईंचा थाट एकच: भक्कम तट, दोन भव्य दरवाजे, आत विस्तीर्ण चौक, भोवताली खोल्यांच्या रांगा, विहीर आणि मशीद. सूर्यास्ताला दरवाजे बंद व्हावयाचे. आत व्यापारी, फकीर, शिपाई, डाकवाले, सारे एका तटाच्या आश्रयाने निजावयाचे.

माझ्या मनात राहिली ती तरणतारण जिल्ह्यातील, अगदी सरहद्दीजवळची सराई अमानतखान. ताजमहालाच्या भिंतींवर जी अक्षरे आपण पाहतो ती लिहिणारा शिराझचा अब्दुल हक, म्हणजेच अमानतखान. त्याचा भाऊ अफझलखान हा शहाजहानचा वजीर. १६३९ साली भाऊ वारला, आणि अमानतखानाने दरबार सोडून लाहोरच्या वाटेवर ही सराई बांधली. दरवाजावर रंगीत कौलांची नक्षी आहे आणि तीत त्याच्या हातची अक्षरे आहेत. बादशहाच्या शोकासाठी ज्याने अक्षरे लिहिली, त्याने स्वतःच्या शोकासाठी वाटसरूंना निवारा बांधला. आज सराईच्या आत वस्ती आहे. तटाच्या आश्रयाने लोक संसार करतात. लाहोरला जाणारा वाटसरू मात्र त्या वाटेने जात नाही. १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झालेली सीमारेषा ही सराई आणि लाहोर यांच्यामधून गेली आहे. रस्त्याची आजची शाखाही अटारीपाशी थांबते. लाहोर तेथून पंचवीस किलोमीटरही नाही, आणि अटक त्याच्याही पलीकडे, सिंधूच्या काठी, अकबराने बांधलेल्या किल्ल्यासह परदेशात आहे.

अमृतसरविषयी सांगू लागलो तर माझा वेळ पुरणार नाही. १५७७ मध्ये गुरू रामदासांनी वसविलेल्या या नगरीतील हरिमंदिर अब्दालीने १७६२ साली दारूने उडविले, आणि शिखांनी ते पुन्हा उभारले. पानिपत जिंकलेल्या पुरुषाला पंजाब टिकविता आला नाही, एवढीच नोंद करतो. आम्ही त्या मंदिरात पहाटे गेलो. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी जो ग्रंथ येथे स्थापिला, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. प्राध्यापक डोळे मिटून कीर्तन ऐकत होते. पद संपल्यावर ते हळूच म्हणाले, 'विठ्ठलाला हे बीठल म्हणतात.' ग्रंथातील नामदेव आणि आपले नामदेव एकच की भिन्न, असा वाद विद्वानांनी घातला आहे. पण पंजाबी पदांत विठ्ठल कोठून आला, याचे दुसरे समाधानकारक उत्तर मला तरी दिसत नाही.

म्हणून परतताना आम्ही वाट वाकडी करून गुरदासपूर जिल्ह्यातील घुमाणला गेलो. आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे नामदेवांनी येथे काढली, असे तेथील लोक मानतात. समाधीचे मंदिर सरदार जस्सासिंग रामगढिया याने बांधले, आणि तळ्याची व्यवस्था रणजितसिंगांच्या सासूबाई सदाकौर यांनी पाहिली, असे सांगतात. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले होते. पंढरपूरकर म्हणतात, नामदेव आमच्या महाद्वाराच्या पायरीशी आहेत. घुमाणकर म्हणतात, आमच्याकडे. प्राध्यापकांनी दोन्हीकडे नमस्कार केलेला आहे, आणि या वादात न्यायाधीश होण्यास त्यांनी साफ नकार दिला.

घुमाणचा मोठा मेळा माघाच्या दुसऱ्या दिवशी भरतो. पंजाबी पंचांगाप्रमाणे तो दिवस जानेवारीच्या मध्यास येतो, म्हणजे काला आंबपाशी मराठी माणसे जमतात त्याच सुमारास. मेळ्याला येणाऱ्यांत छिंबा समाजाचे लोक पुष्कळ असतात. शिवणकाम आणि कापडावरील छपाई हा त्यांचा परंपरागत व्यवसाय, आणि शिंपी कुळातले नामदेव हे त्यांचे आराध्य. हे कळताच शेटजी तेथील एका वृद्ध गृहस्थांजवळ जाऊन बसले. मराठी आणि पंजाबी यांची तोडकीमोडकी गाठ घालीत दोघे कितीतरी वेळ छापील कापडाच्या रंगांविषयी बोलत होते, आणि आम्ही तिघे लंगरातील पोळ्या संपवून मोटारीपाशी त्यांची वाट पाहत उभे होतो.